आमच्याला काही झालं नाही

कुत्रं पाळणाऱ्याला सल्ला मागावा लागत नाही. तो जिन्यात भेटतो, दुधाच्या पिशव्या घेताना भेटतो, साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या गर्दीत अडकलं तर शेजारच्या स्कूटरवरूनही भेटतो. सकाळी चिंगीला घेऊन अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागले की चढ संपायच्या आत कुणीतरी म्हणतं, "मॅडम, बारीक झालीय, खायला घाला की." आणि उतरताना दुसरं कुणीतरी थांबवून सांगतं, "लई फुगवलीय तिला, भात बंद करा." दोन्ही मतं एकाच सकाळची, आणि चिंगीही तीच.

या सगळ्या सल्ल्यांच्या शेवटी एकच शिक्का बसतो: "आमच्याला काही झालं नाही." आम्ही कोंबडीची हाडं घालतो, आमच्याला काही झालं नाही. आम्ही लस दिलीच नाही, आमच्याला काही झालं नाही. ताप आला तेव्हा घरातलीच गोळी अर्धी मोडून दिली, आमच्याला काही झालं नाही. पूर्वी हे वाक्य ऐकलं की मला धीर यायचा. हल्ली मी आधी बघते, की हे ऐकवायला कोण कोण आलेलं नाही.

कारण हिशोब सरळ आहे. ज्याचं कुत्रं गेलं, तो सकाळी या रस्त्याला येत नाही. पट्टा खुंटीला अडकून राहतो आणि तो माणूस घरी बसून पेपर वाचतो. त्यामुळे रस्त्यावर भेटतात ते सगळे निभावलेले. हाडाची चीर आतड्यात रुतून ज्याचं कुत्रं दगावलं, त्याचा अनुभव या चढावर कुणाच्या कानी पडत नाही. इथे फक्त एकाच बाजूचे साक्षीदार हजर असतात, आणि ते खोटं बोलत नसतात, हीच त्यातली अडचण.

चार भिंती नावाच्या स्मारकाकडे जाणाऱ्या वळणाच्या अलीकडे एक कठडा आहे. त्याच्याशी आमचा थांबा. कुणी ठरवून जमवलेला नाही. कुत्र्यांना तिथे हुंगायला आवडतं म्हणून माणसांना थांबावं लागतं, इतकंच. स्वीटीच्या काकू मेस चालवतात, त्यांची पोमेरियन साताऱ्यातल्या अर्ध्या हॉस्टेलच्या पोरांना ओळखते. ऑस्करचे सर शाळेत गणित शिकवायचे. ऑस्कर लॅब्रेडॉर आहे आणि सरांपेक्षा त्याचा स्वभाव बराच मोकळा आहे. एक इंजिनिअरिंगचा पोरगा आहे. आणि सुभेदार आहेत. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, अपशिंग्याकडचे. साताऱ्यात फौजी माणूस म्हणजे काही नवल नाही, पण बूट इतके चकचकीत करून फिरायला येणारे हे एकटेच. त्यांच्याकडे राजा नावाचा जर्मन शेफर्ड होता. सल्ला देण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. राजाचं जेवण, राजाची शिस्त, राजाची आंघोळ, सगळं वेळापत्रकाने, आणि तेच वेळापत्रक ते आम्हा सगळ्यांना लावू बघायचे. चिंगी गोडोलीच्या तळ्याकाठी जन्मलेली गावठी. तिला "बैस" म्हटलेलं फक्त पाऊस असेल तर कळतं. सुभेदारांनी तिच्यावर पुष्कळ दिवस खर्च केले आणि मग नाद सोडला.

सल्ल्यांचा सगळ्यात मोठा गठ्ठा खाण्याचा. इथे आपला प्रदेशच कुत्र्यांच्या विरोधात आहे की काय, असं मला कधीकधी वाटतं. आपल्या स्वयंपाकघराचा जीव कांदा-लसूण मसाल्यात. रस्सा उरला की तो भाकरीवर ओतून कुत्र्याला, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आता कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. ते लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, लघवी गडद होते, आणि तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. म्हणून तर "आमच्याला काही झालं नाही" इतक्या खात्रीने म्हणता येतं. बरं, गावाकडची कुत्री खातातच की! खातात, पण ती थोडं खातात, चारी घरचं खातात, आणि त्यातलं कुठलं कशाने मेलं याची नोंद कुणी ठेवलेली नसते.

बेदाण्याचं तर ऐकून काकू हबकल्याच होत्या. तासगाव इथून काही फार लांब नाही. दिवाळीत तिकडच्या पाहुण्यांकडून किलोकिलोने बेदाणे येतात, आणि स्वीटीला काकू हातावर दोन-दोन ठेवायच्या. द्राक्षं आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सगळ्यांची होत नाहीत, आणि किती खाल्ले म्हणजे होतील तेही आधी सांगता येत नाही. टार्टरिक आम्लामुळे हे होत असावं, असं अलीकडे मानतात. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यातच आडवं होतं. काकूंना हे सरांनी सांगितलं, गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा रीतीने, शक्यता वगैरे शब्द वापरून. काकू म्हणाल्या, "सर, शक्यता जाऊ द्या. द्यायचे का न्हाई तेवढं सांगा." "नाही." "मग झालं." कंदी पेढ्याच्या बाबतीत मात्र त्या अजून ऐकत नाहीत. शनिवारी मारुतीचा प्रसाद म्हणून चिमूटभर पेढा स्वीटीला मिळतोच. त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही. चॉकलेट मात्र त्यांनी घरातून बंद केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. तिकडे धनगरांच्या कळपाबरोबर असणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असायचा, कारण लांडगा आधी गळाच धरतो. भाकरी आणि ताक हे त्यांचं जेवण, आणि उघड्यावरची राखण हे त्यांचं काम. त्या कुत्र्यांवर कुणी असे सल्ले देत बसल्याचं मला आठवत नाही. एक गेलं तर दुसरं कळपात तयार असायचं. गावात कुत्र्याला मान नव्हता असं नाही. खंडोबाचं म्हणून त्याला चंपाषष्ठीला घास काढून ठेवतात, आणि दत्ताच्या तसबिरीत तर चार-चार. पण आजारी कुत्र्याला उचलून डॉक्टरकडे न्यायचं, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. डॉक्टर असायचा तो गाई-म्हशींचा, फार तर मेंढ्यांचा. इथे शहरात एका घरात एकच कुत्रं असतं, ते सोफ्यावर झोपतं, त्याचा वाढदिवस असतो. मग त्याच्या शिंकेचीही चर्चा होते. सल्ल्यांचं पीक या एकटेपणातून येत असावं. कुत्र्याच्या की माणसाच्या, ते मी सांगत नाही.

यवतेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांना एक सल्ला अनेकांनी दिलेला असतो आणि तो पक्का बरोबर असतो: अंधार पडल्यावर कुत्रं बाहेर बांधू नका. त्या डोंगरांत बिबट्या आहे. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांपेक्षा जास्त. साखळीने बांधलेलं कुत्रं तर पळूही शकत नाही. तरी लोक बांधतात. "इतकी वर्षं बांधतोय, आमच्याला काही झालं नाही."

आता गोचिडी. इथे मला जरा सावकाश लिहावं लागेल.

उन्हाळा सुरू झाला की कठड्यावरची निम्मी चर्चा गोचिडींची असते. उपायांना तोटा नाही. खोबरेल तेलात कापूर विरघळवून लावा. करंजाचं तेल लावा. फिनेलच्या पाण्याने आंघोळ घाला. रॉकेलचा बोळा. अगरबत्तीचा चटका. आणि सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे म्हशीच्या गोचिडींचं औषध. जनावरांच्या औषधांच्या दुकानात ते मिळतं, बाटली स्वस्त पडते, आणि बादलीत किती टोपणं टाकायची हे शेजारी सांगतो. म्हैस पाचशे किलोची, कुत्रं वीस किलोचं, आणि म्हैस स्वतःचं सगळं अंग चाटत बसत नाही, हे त्या टोपणांच्या हिशोबात कुठे बसत नाही. कापूर चाटला तर कुत्र्याला झटके येऊ शकतात. फिनेल कातडीतून आत जातं.

आणि मुख्य म्हणजे अंगावर दिसतात त्या गोचिडी म्हणजे सगळ्या गोचिडी नव्हेत. रक्त पिऊन टरारलेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत नाहीतर कुत्र्याच्या पोत्याखाली जाऊन हजारांनी अंडी घालते आणि मरते. कुत्र्याला कितीही घासलं तरी भिंत तशीच राहते. पोतं फेकून द्यायचं, भेगा बुजवायच्या, भिंतीच्या कडेने फवारायचं, आणि कुत्र्याला डॉक्टर देतील ते मानेवर सोडायचं औषध नाहीतर गोळी. अंगावरची काढायची तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही. हे सगळं कंटाळवाणं आहे. अगरबत्तीच्या चटक्यात जी मजा आहे ती यात नाही.

सुभेदारांच्या राजाने एका उन्हाळ्यात खाणं कमी केलं. कठड्याजवळ त्यावर एकमत झालं: उन्हाचं कुत्रं खात नाही. हे खरंही असतं. काही दिवसांनी तो चढावर मागे राहायला लागला. वय झालं, असं ठरलं. सहा वर्षं म्हणजे शेफर्डला काही तरुण म्हणत नाहीत. सुभेदारांनी त्याच्या गोचिडी स्वतः वेचून काढल्या होत्या, एकेक, फौजी शिस्तीत. म्हशीचं औषधही वापरलं होतं, आणि त्याने फरक पडला असं ते आम्हाला सांगतही होते. मग एका सकाळी राजाच्या नाकातून रक्त आलं. दवाखान्यात नेलं तेव्हा प्लेटलेट इतक्या खाली गेल्या होत्या की डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. गोचीड ताप. गोचिडीतून रक्तात शिरणारे हे जंतू आधी ताप आणतात, मग कित्येकदा महिनोन्महिने गप्प बसतात. कुत्रं बरं झालंय असंच वाटतं. वेळेत सापडला तर साध्या डॉक्सीसायक्लिनच्या, चार आठवड्यांच्या कोर्सने हा आजार बरा होतो. राजा आणखी थोडेच दिवस जगला.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. "कुत्रंच तर होतं" म्हणणारे नातेवाईक आधीच येऊन गेले होते. "दुसरं आणा" म्हणणारेही. हे दुसरे जास्त प्रेमळ असतात आणि जास्त दुखवतात. काकूंनी डबा नेला होता, मटकीची उसळ आणि भाकरी, आणि त्या एक शब्द न बोलता सुभेदारांच्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. सर अवघडून उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पुरला कुठे?" आणि त्या एका प्रश्नाने सुभेदार बोलायला लागले. जागा, खड्डा किती खोल खणला, मीठ किती घातलं, वर दगड का ठेवले, सगळं. तासभर. सरांना असं विचारायचं कसं सुचलं, कोण जाणे. मला सुचलं नसतं.

मला वाटलं होतं, आता सुभेदार रस्त्यावर दिसणार नाहीत. तसंच असतं. पण पावसाळा लागता लागता ते आले. हातात छत्री, बूट तसेच चकचकीत, बरोबर कुत्रं नाही. कठड्यापाशी थांबले. स्वीटी, ऑस्कर, चिंगी तिघंही त्यांच्या पायांभोवती राजाचा वास शोधत होती. त्यांनी खाली वाकून आधी ऑस्करचा ओठ वर केला आणि हिरडी पाहिली. अंगठ्याने दाबली, सोडली. दाबलेल्या जागी गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. मग स्वीटीची पाहिली. मग चिंगीची, आणि चिंगीने चक्क पाहू दिली.

तेव्हापासून त्यांचा हा नेम झाला. कठड्यावर जो येईल त्याच्या कुत्र्याची हिरडी. पांढुरकी दिसली की एकच वाक्य: "आज डॉक्टर. उद्या न्हाई." आणि कुणी म्हणालं, "अहो, आमचं मागच्या वर्षीही असंच झालं होतं, आपोआप बरं झालं," तर ते शांतपणे म्हणतात, "आमचं बरं झालं न्हाई."

या वाक्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय. इतकी वर्षं त्या रस्त्यावर सल्ल्यांची एकच बाजू ऐकू येत होती. दुसऱ्या बाजूचा माणूस रोज सकाळी येऊन उभा राहायला लागला, आणि कठड्यावरची भाषाच बदलली. लोक सल्ला देताना त्यांच्याकडे बघून अर्ध्यावर थांबायला लागले. काकूंनी एकदा कुणाला कापूर-खोबरेल सांगायला तोंड उघडलं आणि मग म्हणाल्या, "नगं. डॉक्टरलाच विचारा." काकूंच्या तोंडून!

सुभेदारांनी पकडलेलं पहिलं कुत्रं शाहूपुरीतला एक शेफर्ड. हिरड्या कागदासारख्या. गोचीड तापच निघाला, आणि रक्त इतकं कमी झालं होतं की दुसऱ्या कुत्र्याचं चढवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. कुत्र्यांना कुत्र्यांचं रक्त देतात हे मला तोवर माहीत नव्हतं. माणसांसारखी रक्तपेढी काही हाताशी नसते. देणारा आणावा लागतो. पंचवीस किलोंच्या वरचा, निरोगी, लसी झालेला, वयाने ना पोर ना म्हातारा, आणि त्याला स्वतःला गोचीड ताप नाही याची तपासणी झालेला. एक गोष्ट सोयीची: कुत्र्यांच्या रक्तगटांतला जो मुख्य, त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यं त्यांच्या अंगात जन्मतः नसतात. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा रक्त चढवताना गट जुळला नाही तरी बहुतेक वेळा निभावतं. दुसऱ्यांदा मात्र जुळवूनच.

सगळे ऑस्करकडे बघायला लागले. सर म्हणजे भित्रा माणूस. इंजेक्शनला स्वतः तोंड फिरवणारा. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, त्याला दुखेल का आणि त्याला किती वेळ लागेल. आणि मग गाडी काढली. ऑस्करला टेबलावर आडवं केलं तेव्हा सरांनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन डोळे मिटले आणि पाढे म्हटले. खरंच म्हटले, मी ऐकले, एकोणतीसचा. ऑस्कर शेपटी हलवत पडून होता. शाहूपुरीवाल्यांनी नंतर पैसे द्यायचा प्रयत्न केला, सरांनी घेतले नाहीत. अंड्यांचा ट्रे मात्र घेतला, तो ऑस्करच्या नावावर होता. तो शेफर्ड वाचला. आता तोही चढाला येतो.

या गाडी काढण्यावरून आठवलं. आजारी कुत्रं घेऊन रिक्षात बसायचं म्हणजे साताऱ्यात नशीब लागतं. तीन रिक्षावाले नाही म्हणतात, चौथा डबल मागतो. आणि हे त्याच साताऱ्यात, जिथल्या शाहू महाराजांनी आपल्या कुत्र्याला पालखी दिली होती! शिकारीत वाघापासून जीव वाचवला म्हणून त्यांनी त्या खंड्याला जहागिरीची सनद दिली, आणि एकदा भर दरबारात त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून स्वतःची पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनेही ही हकिकत नोंदवून ठेवलीय. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी त्याची समाधी दाखवतात. खंड्याचे वंशज मात्र पोवई नाक्यावर रिक्षासाठी तिष्ठत उभे असतात. म्हणून कठड्यावर ज्याच्याकडे चारचाकी, त्याचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठं काही असलं तर खंबाटकीचा बोगदा ओलांडून तिकडे न्यायचं, नाहीतर थेट पुणं. अशा वेळी रात्री दहाला दार वाजवलं तर कोण उठेल, हे प्रत्येकाला पाठ असतं. सल्ले बाजूला ठेवा. माझ्या मते कठड्याची खरी कमाई ही यादी आहे.

चावण्याच्या बाबतीत मात्र कुणाचंच ऐकू नये, सुभेदारांचंही नाही. जखमेवर चुना, हळद, तिखट, यातलं काही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, धुवायची आणि सिव्हिलला जायचं. लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी भीती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. ती लस बंद होऊनही वीस वर्षं झाली. आता दंडात, ठरलेल्या दिवशी, मोजकीच. आणि आपल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. इथे "आमच्याला काही झालं नाही" म्हणायला जागाच नाही, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो माणूस पुढे काही सांगायला जवळपास कधीच उरत नाही.

गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या पोराने कॉलेजच्या गेटजवळून एक पिल्लू उचललं. घरमालकाला पत्ता नाही, आईला पत्ता नाही. नाव पिंट्या. आठवड्यात पिंट्याला उलट्या सुरू झाल्या आणि पोरगा त्याला टॉवेलात गुंडाळून कठड्यावर आला. त्याला वाटेतच तीन उपाय मिळाले होते: ताक, ओव्याचं पाणी, आणि जायफळ उगाळून. सुभेदारांनी टॉवेल उघडला, वास घेतला, हिरडी पाहिली आणि म्हणाले, "पार्वो. चला."

पार्वो हा आजार १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा काळ झालाय. त्यावर सहज मिळणारं थेट औषध नाही. उलट्या-जुलाबांनी जाणारं पाणी सलाइनने भरत राहायचं आणि पिल्लाचं शरीर झुंजेपर्यंत त्याला टिकवायचं, एवढंच हाती असतं. लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत द्यावी लागते. एक देऊन भागत नाही. पिंट्याची एकही झालेली नव्हती.

आठवडाभर रोज सलाइन. थेंब थेंब जायला दोन-अडीच तास लागतात आणि तेवढा वेळ कुणीतरी तो इवलासा पाय धरून बसावं लागतं. पोराच्या सबमिशन चालू. मग पाळ्या लागल्या. दुपारचे डबे गेले की काकू, चारनंतर सर, मधल्या वेळात मी. सुभेदार कायमच. काकू खिचडी घेऊन यायच्या, पण ती पोरासाठी. हा पोरगा आठवडाभर वडापाववर आहे हे त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखलं होतं. सरांनी त्याचं एक गणितही सोडवून दिलं, सलाइनच्या स्टँडखाली बसून. घरमालकाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तो आधी तापला, मग म्हणाला, लहानपणी त्यांच्याकडेही एक मोत्या होता. खोली मात्र ब्लीचच्या पाण्याने धुऊन घ्या म्हणाला. कुठून कळलं होतं कोण जाणे, पण बरोबर होतं. फिनेलने हा विषाणू मरत नाही आणि मातीत तो महिनोन्महिने टिकतो.

पिंट्या वाचला. आता त्याचे कान उभे राहिलेत, एक उभा आणि एक अर्धा, आणि चिंगीला तो अजिबात आवडत नाही.

परवा कठड्यावर एक नवं जोडपं आलं, बीगलचं पिल्लू घेऊन. पिल्लाचं पोट जरा बिघडलं होतं. आम्ही कुणी काही बोलायच्या आत आमचा पोरगाच पुढे सरला, खिशात हात घालून, अनुभवी माणसाच्या थाटात. "काही टेन्शन घेऊ नका," म्हणाला. "ताक पाजा. आमच्याला तर पार्वो झाला होता, ताक पाजलं, काही झालं नाही."

सुभेदार बीगलचा ओठ वर करत होते. मान न वळवता ते म्हणाले, "आणि सलाइन तुझ्या आज्याला लावली होती व्हय रं?"